पुढचे वाक्य कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकासोबत प्रवेशाची पुरवणी आली होती. दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हते, म्हणून जाहिरातींसकट वाचून काढली. ड्रोन उडवण्यापासून डेटा सायन्सपर्यंत सगळे अभ्यासक्रम होते. मानसिक आरोग्यही होते, नाही असे नाही. शेवटच्या पानावर, 'परीक्षेचा ताण कसा घालवाल' या चौकटीत, भिजवलेल्या बदामांच्या शेजारी. ज्यांचा पेशा दुसरा आहे अशा आमच्यासारख्यांना मानसिक आरोग्याचे रीतसर शिक्षण खान्देशात मिळावे, हे सांगायला हे पत्र लिहायला बसलो. लांबणार आहे. कात्री लावायची तर लावा, पण मधल्या रजिस्टरच्या भागाला लावू नका, एवढी विनंती.

मी अमळनेरला औषधांचे दुकान चालवतो. शिक्षण बी.फार्म., वय ५२, काउंटरमागे उभे राहून २७ वर्षे झाली. खेड्यावरची माणसे मला 'डॉक्टर' म्हणतात आणि मी दर वेळी दुरुस्त करत नाही, हेही सांगून टाकतो. दवाखान्यात जायचे म्हणजे नंबर, केसपेपर, तपासणी, दिवसाची मजुरी बुडणार. माझ्याकडे यायचे म्हणजे एसटी सुटायला दहा मिनिटे आहेत तेवढ्यात काम. त्यामुळे ज्याला कुठे बोलता येत नाही, तो आधी माझ्याकडे येतो आणि डोकेदुखीची गोळी मागतो.

एक बाई दर बाजाराच्या दिवशी अशी यायच्या. दहा गोळ्यांची एक पट्टी. पैसे पदराच्या गाठीतून काढायच्या, गोळ्या बोटाने दाबून मोजायच्या, मग जायच्या. पट्टीच्या दोन पट्ट्या झाल्या तेव्हा मी हटकले, की एवढ्या गोळ्यांनी पोट बिघडेल, कुणाला दाखवा. त्या काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, गोळीघाई डोकं थांबस. इचार थांबत नही." मी काय केले? दोनाऐवजी एक पट्टी दिली. माझ्या शिक्षणात यापेक्षा जास्त काही नव्हते.

आता रजिस्टर. झोपेच्या आणि घाबरेपणाच्या गोळ्या आम्हाला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलामसारखी औषधे 'एच-१' अनुसूचीत आली. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध, नग, हे सगळे वेगळ्या रजिस्टरात लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. मी तीनवर थांबलो नाही, जुनी रजिस्टरे माळ्यावर आहेत. कधी चाळली तर गुलाबी बोंडअळीचे २०१७ साल नोंदींच्या दाटीवरूनच ओळखू येते. कपाशीची लावण होऊन पावसाने दडी मारली की नोंदी वाढतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरी सासरी परतायला लागल्या की त्या आठवड्यात एखादी आई लेकीची चिठ्ठी घेऊन येते आणि हळूच म्हणते, नाव माझे लिहा. (नाव बदलून लिहिता येत नाही. तिला ते कळत नाही, आणि समजावून सांगताना माझीच जीभ अडखळते.)

तर चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक आले. आम्हा निम्म्या गावाचे सर. चिठ्ठी पुढे केली. तारखेतल्या तीनचा आठ केला होता. शाई निळीच, पण खालची जुनी, वरची ताजी, आणि आठचा खालचा गोल सरांच्याच वळणाचा, फळ्यावर काढायचे तसा. मी चिठ्ठी परत केली. म्हणालो, "सर, ही चालणार नाही. नवीन आणा." सर "बरं" म्हणाले आणि गेले. छत्री काउंटरला टेकवलेली तशीच राहिली. भर पावसात माणूस छत्री विसरून गेला आणि मी ती आत नीट ठेवून दिली. पुढे अकरा दिवसांनी त्यांचा मुलगा ती न्यायला आला तेव्हा कळले, सर धुळ्याला दवाखान्यात आहेत आणि का आहेत.

सर आज हयात आहेत, सकाळी फिरायला जातात, हे इथेच सांगून टाकतो. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. नियमाने मी बरोबर वागलो. औषध निरीक्षक आले असते तर शाबासकी दिली असती. पण 'नवीन आणा' याच्या पुढचे वाक्य माझ्याकडे नव्हते. बी.फार्म.ला चार वर्षे सेरोटोनिन, डोपामिन, कोणता रेणू कुठे जाऊन चिकटतो, सगळे शिकलो. सेरोटोनिन कमी पडलेला माणूस समोर येऊन उभा राहिला की त्याला 'बसा' म्हणायचे, हे कुठल्या पेपरात नव्हते.

ते वाक्य मला पुढे आमच्या एका सिस्टरांनी सांगितले. "बसा सर. झोप कधीपासून नाही?" एवढेच. मग थोडे थांबून, गरज वाटली तर, "मनात जीव द्यायचं येतं का?" असे सरळ विचारायचे. मी म्हणालो, अहो, विचारले तर नसलेले डोक्यात भरेल. सिस्टर म्हणाल्या, भरत नाही. विचारल्याने माणसाला मोकळे व्हायला वाट मिळते. हे जगभर अभ्यासून झालेले आहे आणि मला ते पन्नाशीला कळले.

म्हणून रीतसर शिकावे असे मनात घेतले. एका विद्यापीठाच्या खिडकीवर गेलो (कुठले ते लिहीत नाही, दुसरीकडेही यापेक्षा वेगळे ऐकले असते असे वाटत नाही). आतला मुलगा भला होता. त्याने माझी गुणपत्रिका उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "काका, तुमचा बेस सायकॉलॉजीचा नाही. एम.ए. करायचं तर आधी बी.ए. करा." आधी तीन वर्षे, मग दोन. पंचावन्नाव्या वर्षी मी दुकान चालवण्याच्या लायकीचा राहीन का हाच प्रश्न, अभ्यासाचे पुढे. शेजारी उभ्या एका जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेलाही तेच उत्तर मिळाले. तिचे बी.एस्सी. बी.एड. होते आणि तिच्या वर्गात ४४ मुले.

मग घरी बसून सगळ्या वाटा कागदावर काढल्या. मनोविकारतज्ज्ञ व्हायचे तर एमबीबीएसनंतर एमडी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर मानसशास्त्राची एम.ए., वर दोन वर्षांचे एम.फिल. मनोविकार समाजकार्यात जायचे तर एम.एस.डब्ल्यू. आणि पुन्हा एम.फिल. त्यातही एम.फिल. ही पदवीच विद्यापीठ अनुदान आयोगाने बंद केली. या दोन विषयांपुरती मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली आणि त्यांच्या जागी नव्या रचनेचे अभ्यासक्रम आणायचे ठरले. परिचारिकांसाठी मनोविकार परिचर्येची वेगळी पदविका. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत मानसिक आरोग्याचे समाजकार्य शिकवतात, नावाजलेले आहे, पण दोन वर्षे मुंबईत राहायला हवे. ज्याला हाच पेशा करायचा आहे त्याच्यासाठी या वाटा आहेत आणि त्या खडतरच असाव्यात. पण ज्याचा पेशा दुसरा आहे आणि तरी ज्याच्या दारात ही माणसे रोज येतात, त्याच्यासाठी खान्देशात वाट नाही. त्याच्या वाट्याला दोन दिवसांची कार्यशाळा, तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र, आणि चौथ्या दिवशी काही महाभाग दारावर 'समुपदेशक' अशी पाटी लावतात.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. १२ राज्ये होती, आपले महाराष्ट्र त्यात नव्हते. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेलेच नव्हते. देशात लाख माणसांमागे मनोविकारतज्ज्ञ ०.७५, म्हणजे पाऊण. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २०११ च्या जनगणनेला ७९ लाख लोकवस्ती होती. पाऊणच्या हिशेबाने साठेक डॉक्टर झाले. वाचकांनी आपापल्या तालुक्यातले बोटांवर मोजून बघावेत, बोटे उरतील. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी चार, त्यातले खान्देशात एकही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, त्याची माणसे आमच्याकडेही येतात, मनापासून काम करतात. पण उपचाराला न पोचलेले ते ७० ते ९२ टक्के लोक रिकामे बसलेले नसतात. ते माझ्या काउंटरवर असतात. शाळेत 'लक्ष नाही' या शेऱ्याखाली असतात. पोलीस ठाण्यात अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीत, वकिलाकडे पोटगीच्या फायलीत आणि सातपुड्यात भगताच्या ओट्यावर असतात.

हे मला पुस्तकातून कळले नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी दुकानामागच्या खोलीत रविवारी सकाळी बसायला सुरुवात केली. त्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, खिडकीवर भेटलेल्या शिक्षिका मॅडम, एक वकीलसाहेब, एक हवालदार दादा आणि मी. सलाइनच्या खोक्यांवर बैठक, चहा समोरच्या टपरीचा. पहिले काही महिने आम्ही २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा वाचला. वकीलसाहेब एकेक कलम सोपे करून सांगत. हवालदार दादांना तिथे पहिल्यांदा कळले की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड तणावाखाली होता असे कलम ११५ ने धरायचे असते, त्याच्यावर खटला चालवायचा नसतो, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम असते. कलम १०० ने रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णाला पोलिसांनी २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते. दादा गप्प बसले, चहा गार झाला. मग म्हणाले, "आम्ही त्याला तालुक्याच्या हद्दीबाहेर सोडून यायचो. जेवू घालून सोडायचो, पण सोडायचो." मॅडमनी विषय बदलला.

आणि मग एका रविवारी ते घर निघाले. तपशील बदलून लिहितो. मॅडम म्हणाल्या, वर्गातला एक हुशार मुलगा दिवाळीपासून डबाच आणत नाही, विचारले तर भूक नाही म्हणतो. वकीलसाहेब म्हणाले, गाव कोणते? गाव ऐकल्यावर ते थोडे सावध झाले, पण बोलून गेले की तिकडच्या एका बाईची नांदवण्याची नोटीस त्यांच्याकडे आहे. दादांना आठवले, त्याच वस्तीवर नवरा-बायकोच्या भांडणाची नोंद त्यांनीच केली, दोन्हींकडची समजूत घालून पाठवले. सिस्टर म्हणाल्या, एक बाई महिन्यातून दोनदा चक्कर येते म्हणून येते, रक्तदाब बरोबर, हिमोग्लोबिन बरोबर, टॉनिक देऊन पाठवतो. मी रजिस्टर उघडायला उठलो.

तेवढ्यात सिस्टर जोरात म्हणाल्या, "भाऊ, बसा खाली."

आपण काय चालवले आहे, असे त्या म्हणाल्या. पाच जण चहा पीत एका घराची लक्तरे जोडतोय. तिने मला सांगितले ते मला सांगितले, तुम्हाला नाही. त्याच कायद्यात कलम २३ आहे, रोग्याची गोष्ट गुप्त ठेवायची. ते आम्ही दोन महिन्यांपूर्वीच वाचले होते, खाली पेन्सिलने रेघही मारली होती. वाचले होते, शिकलो नव्हतो.

संपादक महाराज, माझे म्हणणे आहे ते एवढ्यातच आहे. एकाच घराकडे पाच पेशे पाच खिडक्यांतून बघत होते. प्रत्येकाला एक तुकडा दिसला आणि प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर इलाज केला: टॉनिक, समजूत, नोटीस, शेरा, गोळी. एकट्याने बघितले तर घर दिसत नाही. एकत्र आलो तर दिसते, पण मग त्या घराची चव्हाट्यावर चर्चा होते. एकत्र बघायचे कसे, कुणाची परवानगी घेऊन, किती सांगायचे, कुठे थांबायचे, कुणाकडे पाठवायचे आणि पाठवल्यावर आपण हात कसा सोडायचा नाही, याचे शास्त्र आहे. ते पेन्सिलच्या रेघेने येत नाही. एका वर्गात, वेगवेगळ्या पेशांच्या लोकांनी शेजारी बसून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकावे लागते.

असे वर्ग कुठे असतात का? असतात. माझ्या भाच्याची बायको ऑस्ट्रेलियात परिचारिका आहे. नोकरी करून ती विद्यापीठात मानसिक आरोग्याचे शिक्षण घेते. तिथे पायऱ्या आहेत: आधी प्रमाणपत्र, मग पदविका, जमले तर पदव्युत्तर पदवी, जिथे थांबाल तिथवरचे पदरात पडते. तिच्या वर्गात समाजकार्यकर्ते आहेत, व्यवसायोपचार करणारे आहेत, एक रुग्णवाहिकेवरचा माणूस आहे. ती फोनवर सांगत होती की पहिल्या सत्रात ते एकमेकांवर चिडायचे, कारण एकाच रोग्याविषयी प्रत्येकाचे शब्द वेगळे. आमच्या सलाइनच्या खोक्यांवर हेच चालते, फक्त तिथे त्याला गुण आहेत.

परदेशाचे कौतुक नको असेल तर पुणे घ्या. आयएलएस विधी महाविद्यालयाने जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने २००८ मध्ये मानसिक आरोग्याचा कायदा आणि मानवी हक्क या विषयाची आंतरराष्ट्रीय पदविका सुरू केली. नोकरी सांभाळून करता येण्यासारखी होती आणि डॉक्टर, वकील, कार्यकर्ते असे सगळे एकत्र बसत. त्याच संस्थेच्या केंद्राने आपल्या शेजारी, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' हा प्रकल्प केला. गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि योग्य ठिकाणी पाठवायला शिकवले. पुढे तो गुजरातेत मेहसाण्याला गेला. पेठला होते, मेहसाण्याला होते; आम्ही शेजारीच आहोत, आमच्या बाजूने गाडी निघून गेली.

तेव्हा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने मनावर घ्यावे अशी माझी मागणी आहे. एकट्याने जमणार नाही हे मला कळते. शिक्षण, समाजकार्य, कायदा हे जळगावच्या विद्यापीठाकडे. परिचर्या आणि वैद्यक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. आजारी माणूस एक आणि विद्यापीठे दोन, त्यामुळे कागद इकडून तिकडे फिरत राहतील ही भीती आहेच. पण तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या मनोविकार विभागात शनिवारी बाह्यरुग्ण विभागात बसायला मिळाले, रविवारी वर्ग झाला, तर दोन वर्षांची अर्धवेळ पदविका सहज उभी राहते. प्रवेशाला अट एकच असावी: कुठलीही पदवी आणि माणसांशी रोज संबंध येणाऱ्या कामात तीन-चार वर्षे घासलेली असणे. बेस कशाचा हे विचारू नये. माझा बेस २७ वर्षांचा काउंटर आहे.

जाण्यायेण्याचे म्हणाल तर सुरत-भुसावळ लोहमार्ग देवाने (खरे तर इंग्रजांनी) याच कामासाठी टाकल्यासारखा आहे. नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, सगळे एका रुळावर. धुळेकरांना एसटी. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला मात्र आदल्या दिवशी निघावे लागेल, त्याची राहण्याची सोय आधी करावी, फी नंतर बघावी.

शिकवायचे मराठीत, आणि पेपर मराठीत लिहायची मुभा हवी. पण खरी गोम तिथेही नाही. आमच्याकडे 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत दुकानात कुणी येत नाही. 'जिवले करमत नही', 'डोकामा भुंगा फिरस', 'रातले धाक पडस', असे येते. यातले उदास कोणते, घाबरेपणा कोणता, आणि उन्हातान्हात राबून आलेला नुसता थकवा कोणता, हे कुठल्या प्रश्नावलीत बसवणार? नंदुरबार जिल्ह्यात ६९ टक्के आदिवासी वस्ती आहे. तिथल्या बोली पावरी, भिली. त्या बोलीतल्या दुखण्याच्या शब्दांची वही त्या भागातल्या आशाताईंनी आणि आश्रमशाळेच्या शिक्षकांनी या वर्गात बसून तयार करावी, आणि एमडीच्या विद्यार्थ्यांनी ती त्यांच्याकडून शिकावी. डाकीण ठरवलेल्या बाईचे काय करायचे हे तिथल्या हवालदाराला आणि शिक्षकाला एकत्र बसूनच कळेल. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. पण बाईला बाहेर काढल्यावर तिच्या मनाचे काय, आणि ज्या घरात पोर दगावले म्हणून हे सुरू झाले त्या घराच्या दुःखाचे काय, हे त्या कायद्याचे काम नाही.

अशा वर्गात प्रत्येक जण थोडा मास्तरही होईल, हा मला फार मोठा फायदा वाटतो. मी काय शिकवीन ते सांगतो. नैराश्याची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्त. माणूस दहाव्या दिवशी येऊन म्हणतो, फरक नाही, आणि बंद करतो. दुसरा बरे वाटले म्हणून बंद करतो. तिसऱ्याला शेजारी सांगतो, सवय लागेल. सवयीची भीती असते ती त्या एच-१ रजिस्टरातल्या झोपेच्या गोळ्यांची. नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही, पण त्याही आपल्या मनाने एकदम सोडायच्या नसतात, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या. लोक दोन्हींना 'झोपेची गोळी' म्हणतात. एवढा एक फरक तालुक्यातल्या प्रत्येक शिक्षकाला आणि आशाताईला कळला, तरी मधेच सुटणारे उपचार किती कमी होतील, हे काउंटरवरून मी सांगू शकतो. बदल्यात मॅडमनी मला शिकवावे की न जेवणाऱ्या मुलाशी बोलायला सुरुवात अभ्यासाने करायची नसते.

मनोविकारतज्ज्ञ यावर नाराज होतील. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आणखी शंभर भोंदू तयार करायचे का?" त्यांचे चुकत नाही. मी स्वतः 'डॉक्टर' ही हाक दुरुस्त न करणारा माणूस आहे, मोह किती असतो मला ठाऊक आहे. म्हणून या पदविकेच्या प्रमाणपत्रावर काय करता येईल ते पुढच्या बाजूला आणि काय करता येणार नाही ते मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरात छापावे. निदान करायचे नाही. औषध सुचवायचे नाही. पाटी लावायची नाही. आणि पास झाल्यावरही महिन्यातून एकदा अनुभवी मनोविकारतज्ज्ञासमोर बसून आपण काय केले, कुठे चुकलो हे सांगायचे. ते बंद झाले की प्रमाणपत्र बंद. २०२१ चा संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांचा कायदा समुपदेशकांना नोंदणीखाली आणतोच आहे. तेव्हा लगाम आधी आणि घोडा नंतर असेच होणार असेल तर आमची हरकत नाही. घोडा मात्र हवा. पेठचा अनुभव हेच सांगतो, की साध्या माणसाला मर्यादा नीट शिकवल्या तर तो त्या पाळतो. न शिकवलेला माणूसच पाटी लावतो.

आमच्या गावाला हे परके नाही. १९१६ साली प्रताप शेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर काढले, तेव्हा देशभरातून माणसे वेदान्ताचा विचार करायला अमळनेरला उतरत होती. गिरणीच्या गावात तत्त्वज्ञान कशाला, असे तेव्हाही कुणी म्हणाले असेल. शंभर वर्षांनी आम्ही ब्रह्म नको, शेजाऱ्याला 'बसा' म्हणायला शिकवा म्हणतोय. मागणी उतरली आहे, वाढलेली नाही.

आमचा रविवार अजून चालू आहे. आता घरे आणत नाही. सिस्टरांनी दंडक घातला आहे. बनवलेल्या गोष्टी घेऊन बोलतो, त्यात फार मजा येत नाही, पण बरे आहे. हवालदार दादांची बदली झाली. त्यांच्या जागी पोस्टातले एक जण येतात. पेन्शनच्या दिवशी त्यांच्या खिडकीवर जे ऐकू येते ते ऐकून मॅडम म्हणाल्या, आपण तुम्हाला आधीच बोलवायला हवे होते.

दुकानाच्या काचेवर मी टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा क्रमांक चिकटवला आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. कागद उन्हाने पिवळा पडला आहे, बदलायचा आहे. परवा एकाने त्याच्याकडे बोट दाखवून विचारले, "भाऊ, हाऊ गॅस बुकिंगना नंबर शे का?" मी म्हणालो, नाही, आणि या वेळी तेवढ्यावर थांबलो नाही. पुढचे जे काही जमले ते बोललो, पण ते बरोबर बोललो की चुकीचे, हे विचारायला माझ्याकडे अजून मास्तर नाही.

ता. क. नाव छापू नये. गाव लहान आहे, आणि दुकान कळले की सरांची छत्रीही कळेल.

आपला,
एक औषधविक्रेता,
अमळनेर, जि. जळगाव